एका पायातला बूट

मी एक जुना गमबूट आहे. डाव्या पायाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण उजवा आणि मी दिसायला सारखे असलो तरी स्वभावाने अगदी वेगळे. उजवा पुढे पुढे करणारा. घरातून निघताना उंबऱ्याबाहेर पहिला तो, फावडे दाबायला तो, वाटेतला दगड लाथाडायलाही तोच. मी आपला मागून येणारा आणि माणसाचा तोल सांभाळणारा. पण मित्रांनो, आजची गोष्ट मलाच सांगायला हवी. ज्या दिवशी ती घडली त्या दिवशी पायात मी एकटाच होतो.

माझा जन्म कारखान्यातला. धातूच्या एका पायावर आधी कापडाचे अस्तर चढवायचे, त्यावर रबराचे कापलेले तुकडे चिकटवायचे आणि मग भट्टीत भाजायचे, अशी तिथली रीत. भट्टीतून निघालो तेव्हा मी असा काळाकुळकुळीत चमकत होतो की तपासणाऱ्या बाईंनी माझ्यात बघून कपाळावरची बट सारखी केली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. मग मला आणि उजव्याला एका दोरीने बांधून दुकानात पाठवले. दोरी पुढे सुटली, पण जोडी ती जोडीच.

आम्हाला विकत घेतले गुलाबकाकांनी. त्यांना दुसरे काहीतरी नाव असणारच, पण ते कुणाच्या तोंडी नव्हते. वस्तीबाहेर रस्त्याच्या कडेला त्यांची रोपवाटिका होती आणि तिथले गुलाब न्यायला माणसे लांबून येत. काकांनी दुकानात आम्हाला पायात घातले, दोनदा धपाधप पाय आपटले आणि म्हणाले, "चावत नाहीत. चला." काकांच्या तोंडून याहून मोठे कौतुक मी पुढे क्वचितच ऐकले.

मग सुरू झाले आमचे कामाचे दिवस. सकाळी वाफ्यांना पाणी, मग खताच्या खड्ड्यातून कुजलेले शेणखत उपसायचे, दुपारी कलमे. जंगली गुलाबाच्या खुंटाला चीर द्यायची, चांगल्या जातीच्या फांदीवरचा अंकुर, म्हणजे डोळा, त्यात बसवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा. याला डोळा भरणे म्हणतात. काका डोळे भरायचे आणि तोंडाने सतत बोलायचे, तेही खड्या आवाजात. "काय रे, रुसलास का? पाणी कमी पडलं का तुला?" असे ते झाडाला विचारत आणि रस्त्यावरची माणसे थांबून उत्तर देत.

संध्याकाळी काकू मागच्या दारच्या नळावर आम्हाला खसाखसा धुवत. काकांना घरात घेण्याआधी त्या आम्हाला उतरवून घेत. पायरीच्या वर भिंतीत दोन खुंट्या होत्या. त्यांवर आम्ही उलटे लटकायचो. घरातली सगळी महत्त्वाची बोलणी त्या पायरीवर बसूनच होत आणि बुटाला कान नसतात असा सगळ्यांचा समज होता.

आता काकांची एक गंमत सांगतो. दिवसभर काट्यांत हात घालणारा हा माणूस सुईला मात्र जाम भ्यायचा. हाताला ओरखडे, बोटांना टोचे, कशाचे म्हणून काही नाही. पण आरोग्य केंद्रातली नर्सताई स्कूटरवरून येताना दिसली, की काकांना एकदम खताच्या ढिगामागचे काम आठवायचे.

नर्सताई यायची ती काकांच्या लेकीसाठी. लेकीला दिवस गेले होते आणि ती आईवडिलांकडेच राहत होती. धनुर्वाताची लस तिने केंद्रात जाऊन घेतली होती. आईने घेतली की पोटातल्या बाळालाही जन्मानंतरचे पहिले काही आठवडे तिचे पाठबळ मिळते, हे मी त्या पायरीवरच ऐकले. एकदा काका ढिगामागे पोचायच्या आत नर्सताईने त्यांना गाठले.

"काका, तुमची धनुर्वाताची लस झालीय का?"

"झालीय की! हात कापला होता तेव्हा."

"कधी?"

"लग्नाच्या आधी."

काकू फस्सकन हसल्या. "लेक आई व्हायला आली आणि हे लग्नाआधीचं सांगतायत!"

"एकानं भागत नाही, काका," नर्सताई म्हणाली. "ठरलेल्या मात्रा पूर्ण कराव्या लागतात. नंतर दर दहा वर्षांनी एक. तुम्ही तर दिवसभर मातीत आणि शेणखतात."

"अगं, दिवसभर मला काटे टोचतात. तीच माझी इंजेक्शनं."

"काट्यातून लस नाही मिळत. जंतू मिळतो."

"बरं बरं. कलमांचे दिवस जरा सरू देत, मग येतो."

ती गेल्यावर काका काकूंना म्हणाले, "पोरगी गुणाची आहे, पण नुसता वात आणते!"

मित्रांनो, माती मी जवळून पाहिली आहे. ती काकांची अन्नदाती होती आणि माझीही. पण तिच्या पोटात नाना तऱ्हेचे जीव असतात. त्यातच हा धनुर्वाताचा जंतू. मातीत, धुळीत, जनावरांच्या शेणात तो वर्षानुवर्षे झोपून राहतो. ऊन त्याला मारत नाही, थंडी मारत नाही. त्याला हवी असते फक्त हवा न लागणारी जागा. खोल टोचलेली जखम म्हणजे त्याच्यासाठी आयती खोली. तिथे तो जागा होतो आणि विष तयार करतो.

माझ्यासारखा बूट असला की निम्मी काळजी मिटते. पण बूटही झिजतो. काका फावडे मातीत रोवताना नेहमी उजव्या पायाने दाबायचे. पुढे पुढे करण्याचे फळ उजव्याला मिळाले आणि त्याच्या तळाला भोक पडले. काकूंनी नवे बूट आणा म्हणून कितीदा सांगितले. काका म्हणाले, "माझ्या पायाला यांची सवय आहे. ठिगळ लावतो." एका सकाळी त्यांनी ठिगळ चिकटवले आणि उजव्याला कुंपणाच्या भिंतीवर वाळत ठेवले. संध्याकाळपर्यंत पायात घालायचा नाही, असे स्वतःलाच बजावून ते गप्प बसले.

गप्प बसणे काकांना जमते थोडेच! येणाऱ्या नातवंडासाठी त्यांनी एका खुंटावर खास डोळा भरला होता. फिकट पिवळा गुलाब, कडेला जरासा लाल. तो डोळा त्या दिवशी फुगलेला दिसला. काकांना इतका आनंद झाला की त्याला आत्ताच्या आत्ता ओंजळभर चांगले खत द्यायलाच हवे असे त्यांना वाटले. त्यांनी एका पायात मला घातले, दुसऱ्या पायात जुनी चप्पल सरकवली आणि खड्ड्याकडे निघाले.

"अहो, असं काय ते एका पायात बूट घालून!" काकूंनी आतून हाक मारली.

"दोनच मिनिटं!"

खड्ड्यात गुलाबाच्या छाटणीतले एक खोडके उभे रुतलेले होते. तिरपे छाटलेले, टोकदार. ते चप्पल भेदून सरळ काकांच्या तळव्यात शिरले. मी शेजारी होतो, धडधाकट, आणि माझा काहीच उपयोग नव्हता. काका खड्ड्याच्या काठावर बसले, खोडके उपसून काढले. रक्त आले ते थेंबभर. त्यांनी जखमेवर चिमूटभर माती दाबली आणि लंगडत जाऊन आधी त्या रोपाला खत घातले.

काकूंनी पाय पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या, "साबण लावून नळाखाली चांगला धुवा आणि जाऊन डॉक्टरांना दाखवा."

"गंजका खिळा थोडाच होता? साधं खोडकं तर होतं. आपल्याच झाडाचं."

इथे काका चुकले, मित्रांनो. अशीच चूक शहाणीसुरती माणसेही करतात. धनुर्वात गंजातून होतो असे त्यांना वाटते. खिळा गंजका असो की चकचकीत, काटा असो की काच, त्याच्याबरोबर आत काय गेले ते महत्त्वाचे. काकांनी तर वरून माती दाबून त्या पाहुण्याच्या सोबतीला आणखी पाहुणे धाडले होते. दोन दिवसांत जखम वरून मिटली. काका खूश झाले. जंतूच्या खोलीचे दार बंद झाले आहे, हे कुणाच्याच लक्षात आले नाही.

आठवडा उलटला आणि काकांना घास चावायला जड जाऊ लागले. मग मान धरली. मग पाठ. संध्याकाळी पायरीवर बसून ते काकूंना म्हणाले, "वात झालाय गं. जरा तेल चोळ."

काकूंनी तेल कोमट केले आणि चोळू लागल्या. चोळता चोळता त्यांनी वाकून काकांच्या तोंडाकडे पाहिले. "मी इथं हात दुखवतेय आणि तुम्ही हसताय काय?"

"मी कुठं हसतोय?" काका दातांतूनच म्हणाले.

त्यांचे ओठ दोन्ही बाजूंना ताणले गेले होते. हसू नव्हतेच ते. काकूंचा हात थांबला. मी खुंटीवर उलटा लटकलेलो होतो, मला ते तोंड उलटेच दिसत होते, तरी मला भीती वाटली.

दैव बलवत्तर म्हणून नर्सताई दुसऱ्या दिवशी सकाळीच लेकीला तपासायला आली. काका ढिगामागे पळाले नाहीत, यावरूनच तिला संशय आला असावा. ती सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काका, आ करा."

काकांनी तोंड उघडले. दोन बोटे आत जातील एवढेही ते उघडेना.

"पायाला काही लागलं होतं?"

काकूंनी सगळे सांगितले. नर्सताईचा चेहरा उतरला. "हा धनुर्वात आहे. आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं."

काकांनी काकूंकडे पाहिले आणि जबडा घट्ट मिटलेल्या स्थितीतही आपला हेका सोडला नाही. "म्हणालो... नव्हतो? वातच."

"काका, हा तेलानं जाणारा वात नव्हे हो," नर्सताई म्हणाली. "हा माणसाला धनुष्यासारखा वाकवतो. म्हणून धनुर्वात."

रुग्णवाहिका आली. कुणीतरी फाटक धाडकन उघडले. त्या नुसत्या आवाजाने काकांचे अंग ताठ झाले, पाठीची कमान झाली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले. लेक दारात पोटावर हात ठेवून उभी होती. तिला काही बोलायचे होते, पण नर्सताईने ओठांवर बोट ठेवले. आवाज नको, स्पर्श नको. ज्या माणसाचा आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू जायचा, त्याला न बोलता निरोप द्यावा लागला.

त्यानंतरचे सगळे मला पायरीवर कळत गेले. लेकीला त्या अवस्थेत रुग्णालयात जाता येत नव्हते. काकू परत आल्या की चपला काढता काढता तिला सांगत. डॉक्टरांनी जखम उघडून साफ केली. विष निकामी करणारे औषध दिले. पण नसांत आधीच शिरलेले विष कुणालाच काढता येत नाही. ते उतरेपर्यंत माणसाला जगवायचे, एवढेच हातात असते. काकांना अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवले होते. श्वासासाठी यंत्र लावले होते. चमचा पडला तरी झटका यायचा.

"आई, बाबा वाचतील ना?" लेकीने विचारले.

"डॉक्टर म्हणतात, इतक्यात काही सांगता येत नाही."

"बाळाला पहिलं मीच घेणार, असं म्हणत होते ते."

काकूंनी चपला उचलून हळूच भिंतीशी ठेवल्या. त्यांना कुजबुजत बोलायची इतकी सवय झाली होती की घरातसुद्धा त्या कुजबुजत. भांडे हळू ठेवत, दार हळू लावत. रोपवाटिकेत तर सामसूम. गुलाबांशी बोलायला कोणी नव्हते.

त्याच दिवसांत बाळ जन्मले. मुलगी. घरी आणल्यावर तिने मागच्या दारात असा टाहो फोडला की काकूंनी पटकन "श्श!" केले. मग त्यांना एकदम भान आले. "रड गं बाई, रड. आजोबांच्या वाटचं पण रड," असे म्हणून त्या स्वतःच पायरीवर बसून रडू लागल्या. हसतही होत्या. काकांच्या कानाशी जाऊन त्यांनी ही बातमी सांगितली तेव्हा काकांनी डोळे दोनदा मिटून उघडले म्हणे.

आमच्याकडे कोण बघणार! उजव्याला कुणीतरी भिंतीवरून आणून खुंटीला अडकवले होते, एवढेच. आमच्यावर धूळ साचली. कोळ्याने माझ्यापासून उजव्यापर्यंत जाळे विणले. रबर असे पडून राहिले की कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात. मला त्या जाणवत होत्या. एकदा लेक म्हणाली, "आई, हे बूट आता टाकायचे का? बघवत नाहीत मला."

"हात लावू नकोस," काकू म्हणाल्या. त्या दिवसांत मोठ्याने बोललेले त्यांचे ते एकच वाक्य. "त्यांचे बूट तेच उतरवतील."

मित्रांनो, मी साधा रबराचा बूट. पण त्या वाक्यावर मी पुढचे सगळे दिवस काढले.

आणि काका आले. बऱ्याच आठवड्यांनी, काठी टेकत, अर्धे होऊन. पायरीवर बसायला त्यांना काकूंचा हात लागला. लेकीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवले. काकांनी तोंड उघडले, पण खडा आवाज काही निघाला नाही. "अगं, ही तर कळीएवढी आहे," ते हळूच म्हणाले. कडेला उभ्या असलेल्या काकू चटकन नळाकडे वळल्या आणि विनाकारण नळ सोडून उभ्या राहिल्या.

थोड्या दिवसांनी नर्सताई आली. "उद्या बाळाला लसीसाठी घेऊन या. आणि काका, तुम्हीही या."

"मला कशाला? मला तर होऊन गेला. आता काय पुन्हा होणार आहे?"

"होऊ शकतो. हा रोग होऊन गेला तरी शरीर त्यातून काही शिकत नाही. त्याला शिकवते ती लसच. रुग्णालयातून निघताना एक दिलीय, पुढच्या राहिल्यात."

"मग एक झालीय ना!"

असे म्हणून काकांनी सहज वर पाहिले. वर खुंट्यांवर आम्ही दोघे. ते बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले. माझ्याकडे, मग उजव्याकडे, त्याच्या तळाच्या ठिगळाकडे.

"एक झालीय," ते पुन्हा म्हणाले, पण आता वेगळ्या सुरात. "म्हणजे मी जन्मभर एकाच पायात बूट घालून हिंडत होतो की!"

नर्सताई हसली. "आता कसं बोललात!"

काकांनी बाळ लेकीकडे दिले. काठी भिंतीला टेकवली, हात वर केला आणि आम्हाला खाली उतरवले. कोळ्याचे जाळे तुटले. काकू मदतीला पुढे झाल्या नाहीत, फक्त बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आजोबा आणि नात केंद्रात शेजारी शेजारी बसले. बाळ जरासे रडले. काका जास्त ओरडले. हे नर्सताईने मागाहून सगळ्या वस्तीला सांगितले. काकूंनी आणि बाळाला भेटायला आलेल्या जावयानेही आपापल्या राहिलेल्या मात्रा घेऊन टाकल्या.

या गोष्टीला आता वर्षे झाली. काकांचा आवाज परत आला आणि रस्त्यावरची माणसे पुन्हा थांबू लागली. त्यांच्या पायात नवे बूट आहेत. तळ पातळ झाला की बदलतात, ठिगळ नाही. कुणाला काही टोचले, कापले, की काका स्वतः त्याला नळापाशी नेऊन साबणाने जखम धुवायला लावतात आणि केंद्रात पिटाळतात. नातवंडासाठी भरलेला डोळा फुटला, वाढला, आता भिंतीच्या वर डोकावतो आहे. आणि रोज सकाळी कामाला निघण्याआधी काकू दारात आडव्या उभ्या राहतात.

"आ करा."

"अगं, किती वर्षं हे! नुसता वात आणलास!"

"आ करा म्हणते ना."

मग काका जांभई दिल्यासारखे तोंड भले मोठे उघडतात. काकू आत नीट बघतात आणि बाजूला होतात. यातले मला कळते ते प्रेम, बाकी काही कळत नाही.

मी आता चिरलेला, थकलेला. आमच्यावर हक्क आहे तो नातीचा. परवा ती माझ्यात एक पाय घालून अंगणात लंगडी घालत होती. शाळेत जाण्याच्या वयाची लस तिला द्यायची होती आणि ती कुरकुरत होती. "आजोबा, माझ्या बाळपणी झाल्यात ना? मग पुन्हा कशाला?"

"तुझे बाळपणीचे बूट आज पायात येतील का?"

तिने जरा विचार केला. "नाही. मोठे लागतील."

"तसंच हे. शरीर शिकलेलं विसरत जातं, त्याला पुन्हा आठवण द्यावी लागते. आणि तू ही एका पायात बूट घालून काय हिंडतेस? थांब."

काका उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळू उठले. खुंटीवरून उजवा काढला, खाली बसले आणि तिच्या उघड्या पायात चढवला. दोन्ही बूट तिच्या मांड्यांपर्यंत आले. तिला चालता येईना, पण काकांना समाधान वाटले. ती आमच्यात तशीच उभी राहून हसत होती आणि उजव्याचे टोक नेहमीसारखे माझ्या पुढे होते.

मित्रांनो, मी तळवा राखू शकतो, पण फक्त एकाच पायाचा आणि झिजेपर्यंतच. अंगाच्या आत घालायचा बूट मला होता येत नाही, तो लसच होते. तुम्ही आज घरी गेलात की आईबाबांना, आजीआजोबांना एवढेच विचारा: तुमचा दुसरा बूट कुठे आहे? आणि "दोनच मिनिटं" असे कुणी म्हणाले, तर त्यांचा हात सोडू नका.